निजेला धोंडा: टाळेबंदीत झोप का उडाली, आणि चालण्याशी तिचं नातं काय

एप्रिल २०२० मधली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले होते आणि गच्चीवरून चपला घासत चालल्याचा आवाज येत होता. वर जाऊन पाहिलं तर नाना, म्हणजे माझे वडील. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, आणि कठड्याच्या कडेकडेने फेऱ्या चाललेल्या. त्र्यंबक रोडवरून एरवी रात्रभर ऐकू येणारी वाहनांची घरघर बंद होती, कुत्रीसुद्धा गप्प होती. मला पाहून ते थांबले आणि म्हणाले, "दिवसभर काही केलं नाही तरी थकलोय. आणि थकलोय तरी झोप नाही. हे काय आहे, सांग बरं."

नानांनी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तीन पाळ्यांत काढली. झोपेविषयी त्यांचं एकच म्हणणं असायचं: भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. निवृत्त झाल्यावर रोज पहाटे साडेपाचला ते गोल्फ क्लबच्या मैदानावर जात. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण नाशिककरांच्या तोंडी गोल्फ क्लबच. पाच फेऱ्या, मग मित्रांशी गप्पा, टपरीवर चहा, येताना भाजी, आठ वाजता घरी. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि हे सगळं एका दिवसात थांबलं. तीन आठवड्यांत झोपही गेली.

त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की नानांच्या प्रश्नातच अर्धं उत्तर होतं. आपण थकवा आणि झोप एकच समजतो. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओढ आणि घड्याळ

झोप कशी येते याची सगळ्यात उपयोगी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये केली. त्याच्या मते झोप दोन गोष्टींवर चालते. एक, झोपेची ओढ. दोन, शरीरातलं घड्याळ. या दोन्ही गोष्टी रात्री एकाच वेळी जुळल्या तर पाठ टेकताच डोळा लागतो. जुळल्या नाहीत तर माणूस रात्रभर कूस बदलत राहतो.

आधी ओढ. आपण जागे असतो तेव्हा मेंदू सतत इंधन जाळत असतो. ते जळताना ॲडेनोसिन नावाचं एक रसायन तयार होतं आणि दिवसभर साठत जातं. चुलीत राख साठावी तसं. राख जितकी जास्त, तितकी झोपेची ओढ जास्त. रात्री झोपेत ही राख काढली जाते आणि सकाळी चूल मोकळी मिळते. चहा-कॉफीने झोप का उडते तेही इथेच कळतं. कॅफिन राख काढत नाही, ती मेंदूला दिसू देत नाही, एवढंच. आणि पोटात गेलेल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मं पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतं. टाळेबंदीत आमच्याकडे चहाचं आधण दिवसातून सहा वेळा चढत होतं, त्यातलं शेवटचं रात्री नऊच्या रामायणाबरोबर. दूरदर्शनने २८ मार्चपासून ती मालिका सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी पुन्हा लावली होती.

दुपारच्या झोपेचंही तसंच. नानांची वामकुक्षी पूर्वी वीस मिनिटांची असे. टाळेबंदीत ती दोन तासांवर गेली. रात्रीसाठी साठवलेली ओढ दुपारीच अर्धी खर्च होऊ लागली.

आता घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. कधी शरीराचं तापमान थोडं चढवायचं, कधी उतरवायचं, कधी भूक लागू द्यायची, कधी अंधाराची चाहूल देणारं मेलाटोनिन सोडायचं, हे सगळं तिथून ठरतं. पण या घड्याळात एक खोट आहे. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा जरा जास्त, म्हणजे २४ तास आणि दहा-बारा मिनिटांचं असतं. रोज कुणी लावून दिलं नाही तर ते मागे पडत जातं. ते लावून देण्याचं काम प्रामुख्याने सकाळचा उजेड करतो.

इथे आकडे पाहण्यासारखे आहेत. उजेड लक्समध्ये मोजतात. घरात ट्यूबलाइटखाली शंभर ते तीनशे लक्स मिळतात. बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार, आणि एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात दुपारी लाखाच्या घरात. आपल्या डोळ्याला घरातला दिवा आणि बाहेरचं ऊन यांत इतका फरक जाणवत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. घड्याळाला मात्र तो फरक नीट कळतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम चित्र पाहणं हे नाहीच. बाहेर उजेड किती आहे, एवढं त्या घड्याळाला कळवतात. निळसर प्रकाशाला त्या जास्त दाद देतात, म्हणून रात्री अकराला तोंडाशी धरलेला मोबाइल त्यांना गोंधळात टाकतो.

म्हणजे नाना पहाटे मैदानावर जात तेव्हा ते फक्त पाय हलवत नव्हते. सूर्य उगवताना उघड्यावर असल्याने त्यांचं घड्याळ रोज लावलं जात होतं. टाळेबंदीत ते सकाळी आठपर्यंत पडदा ओढलेल्या खोलीत पडून राहू लागले, आणि घड्याळ लावायला कुणी उरलं नाही.

व्यायाम बंद झाला त्याहून जास्त काहीतरी गेलं

महामारीत "व्यायाम बंद पडला" असं सगळे म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे. नाशिकमध्ये रोज ठरवून व्यायाम करणारे लोक आधीही थोडेच होते. गेली ती न मोजलेली हालचाल. सीबीएसला बस पकडायला धावणं, दहिपुलावर खरेदीसाठी घासाघीस करत चार दुकानं फिरणं, अंबडच्या कारखान्यात गेटपासून मशीनपर्यंतची चाल, शाळेच्या तीन जिन्यांची चढउतार, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणं. याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, म्हणून ते गेल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

जगभरात हेच झालं. मोबाइलमधल्या एका ॲपवरून १८७ देशांतल्या साडेचार लाखांहून अधिक लोकांची पावलं मोजली गेली होती. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली, त्यानंतर दहा दिवसांत सरासरी पावलं ५.५ टक्क्यांनी आणि तीस दिवसांत २७.३ टक्क्यांनी घटली. एका महिन्यात चौथा हिस्सा चाल संपली.

आणि झोपेचं काय झालं? इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लोकांच्या २०२० च्या वसंतातल्या पाहणीत झोपेचे तास थोडे वाढलेले आढळले. कामावर पळायचं नव्हतं, गजर नव्हता, सुट्टीच्या आणि कामाच्या दिवसांतला फरकही कमी झाला होता. कागदावर पाहिलं तर झोप सुधारायला हवी होती. पण त्याच लोकांनी सांगितलं की झोप पूर्वीसारखी चांगली लागत नाही. तास वाढले, दर्जा घसरला.

म्हणून झोपेचा दर्जा म्हणजे नेमकं काय, ते पाहावं लागतं. संशोधक त्यासाठी बहुतेक वेळा पिट्सबर्ग निद्रा-गुणवत्ता निर्देशांक नावाची प्रश्नावली वापरतात. ती १९८९ मध्ये तयार झाली. गेल्या महिन्याबद्दल १९ प्रश्न, त्यांचे सात भाग: झोप लागायला किती वेळ लागतो, किती तास लागते, अंथरुणात घालवलेल्या वेळातला किती वेळ खरोखर झोपेत जातो, मध्ये किती वेळा मोडते, गोळी घ्यावी लागते का, दिवसा पेंग येते का, आणि तुम्हाला स्वतःला झोप कशी वाटते. एकूण गुण ० ते २१. जितके जास्त तितकी झोप वाईट, आणि ५ च्या वर गेले की झोप नीट नाही असं धरतात. नाना रात्री साडेनऊला अंथरुणावर पडत आणि सकाळी आठला उठत. साडेदहा तास अंथरुणात, त्यातले झोपेचे जेमतेम पाच. तासांचा हिशेब मांडला तर हा माणूस आळशी वाटेल. या प्रश्नावलीत मात्र त्याची खरी अवस्था दिसते.

हालचाल झोपेपर्यंत कशी पोचते

चालण्याने, सायकलने, अंगमेहनतीने झोप सुधारते ती एका वाटेने नाही. वाटा तीन-चार आहेत आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत.

पहिली वाट गाढ झोपेची. रात्रीची झोप सलग एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं असतात, त्यात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप येते. गाढ झोप बहुतेक पूर्वरात्रीत, स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त. शरीर हललं की गाढ झोपेचा वाटा थोडा वाढतो. थोडाच वाढतो, हे मुद्दाम सांगते, कारण याबद्दल अतिशयोक्ती फार होते.

दुसरी वाट शरीराच्या तापमानाची. झोप लागण्याआधी शरीराचा गाभा थंड व्हावा लागतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, उष्णता बाहेर जाते आणि डोळे जड होतात. व्यायामाने शरीर तापतं आणि नंतर तासा-दीड तासात निवतं. ही निवण झोपेला मदत करते असं मानतात. रात्री कोमट पाण्याने अंघोळ केली की झोप लवकर लागते, त्यामागेही हेच कारण आहे: त्वचेकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते.

तिसरी वाट मनाची, आणि महामारीत माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी होती. काळजी लागली की शरीर सावध राहतं. नाडी जरा जलद, स्नायू ताठ, कान टवकारलेले. पहारेकरी डुलक्या घेत नाही, तसं शरीर झोपेत जायला तयार होत नाही. ओढ पुरेशी असली तरीही. नानांची "थकलोय तरी झोप नाही" ही अवस्था तीच. नियमित हालचालीने हा पहारा सैल होतो. चिंता आणि उदासी दोन्ही कमी होतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

चौथी वाट उजेडाची, ती वर आलीच. बाहेर चाललं तर चाल आणि उजेड दोन्ही पदरात पडतात. म्हणून खोलीतल्या ट्रेडमिलपेक्षा अंगणातल्या फेऱ्या मला जास्त मोलाच्या वाटतात.

बाण कुठल्या दिशेचा

महामारीत "जे लोक व्यायाम करतात त्यांना चांगली झोप लागते" अशा बातम्या रोज येत होत्या. त्या खोट्या नव्हत्या, अर्धवट होत्या. त्यामागच्या बहुतेक पाहण्या मोबाइलवर पाठवलेल्या प्रश्नावल्यांवर झालेल्या. एकाच वेळी दोन्ही गोष्टी विचारल्या: तुम्ही हालचाल किती करता, आणि झोप कशी लागते. उत्तरं जुळली. पण चालल्यामुळे झोप लागली, की झोप लागल्यामुळे सकाळी चालायला उत्साह आला? की ज्याचं पोट भरलेलं, नोकरी शाबूत, घराला गच्ची, त्याला दोन्ही जमलं? एकदाच विचारलेल्या प्रश्नांतून हे कळत नाही. शिवाय आपण किती चाललो हे सांगताना माणूस हात सैल सोडतो.

दिशा शोधायची तर लोकांना महिनोन् महिने पाहावं लागतं. अमेरिकेत निद्रानाश असलेल्या, बैठ्या आयुष्याच्या प्रौढ आणि वृद्ध लोकांवर सोळा आठवड्यांचा असा प्रयोग महामारीच्या दहा वर्षं आधी झाला होता. चालणं, सायकल वगैरे नियमित करणाऱ्यांच्या झोपेचे गुण त्या पिट्सबर्ग प्रश्नावलीवर जवळपास पाचने सुधारले. माणसं थोडी होती, पण सुधारणा लहान नव्हती. त्याच प्रयोगातल्या स्त्रियांच्या रोजच्या नोंदी पुढे तपासल्या, तेव्हा जे दिसलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आज व्यायाम केला म्हणून आज रात्री झोप चांगली लागली, असं दिसलं नाही. उलट, काल झोप लागायला वेळ लागला की आजचा व्यायाम कमी झाला, हे मात्र दिसलं.

म्हणजे वाईट झोपेचा फटका दुसऱ्याच दिवशी बसतो आणि व्यायामाचा फायदा पोचायला महिने लागतात. लोक चार दिवस चालतात, पाचव्या रात्री पुन्हा जागे राहतात आणि "आपल्याला काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. नेमकं चुकीच्या वेळी सोडतात.

नानांचंही असंच झालं. त्या रात्रीनंतर आम्ही गच्चीवरच्या फेऱ्या दिवसावर आणल्या. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सहा. गच्ची लांबीला चाळीस पावलं. फेऱ्या मोजताना चुकायला लागले म्हणून आईने दोन वाट्या दिल्या, एकीत शंभर मटकीचे दाणे. एक फेरी झाली की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. दाणे संपले की खाली यायचं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, चारनंतर चहा बंद केला. एप्रिलच्या शेवटी ते म्हणाले, काही फरक नाही. मेच्या शेवटीही तेच म्हणाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकारने पहाटे पाच ते संध्याकाळी सात बाहेर चालायला, सायकल चालवायला परवानगी दिली आणि ते पुन्हा मैदानाकडे गेले, रुमाल बांधून, मित्रांपासून सहा फूट अंतर ठेवून. झोप बसली ती श्रावणात. कुठल्या तारखेला ते आम्हाला कळलंच नाही. एका सकाळी आईच्या लक्षात आलं की गेले कित्येक दिवस रात्री जिन्याचा दिवा लागलेला नाही.

प्रत्येक घाम झोप देत नाही

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून, कसारा घाट चढून, इगतपुरी आणि नाशिक ओलांडून हजारो माणसं चालत गावाकडे गेली. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल. पावलांचा हिशेब लावला तर त्या महिन्यात त्यांच्याइतकं कुणी चाललं नसेल. ती माणसं पुलाखाली दगडावर झोपली, आणि निजेला धोंडा ही म्हण तिथे ऐकवण्याची कुणाची हिंमत होणार नाही. शरीर दमलं तरी सुरक्षितता नसेल, पोटात अन्न नसेल, पुढच्या दिवसाचा भरवसा नसेल, तर चालणं म्हणजे फक्त झीज.

घरातल्या बायकांचंही पाहा. मोलकरीण येत नव्हती. झाडलोट, भांडी, धुणी, सहा माणसांचा तीन वेळचा स्वयंपाक. फरशी पुसणं हे शास्त्राच्या भाषेत मध्यम श्रमाचं काम आहे. माझ्या ओळखीतल्या अनेकींची हालचाल टाळेबंदीत वाढली आणि झोप मात्र कमी झाली. आवडीने, मोकळेपणाने केलेली हालचाल आणि गळ्यात पडलेलं राबणं यांचे शरीरावरचे परिणाम वेगळे असतात, हे संशोधनातही दिसतं. राबण्यात मध्ये थांबण्याची मुभा नसते. त्यामुळे दिवसभर राबलेल्या आईला "तू व्यायाम करत जा" असं सांगण्याआधी तिच्या हातातली भांडी घ्यावीत. तिला अर्धा तास मोकळा मिळाला तर तिचं ती ठरवेल.

आणि दुःखाचं काय? एप्रिल २०२१ मधली दुसरी लाट नाशिकवर फार वाईट आली. २१ एप्रिलला शहरातल्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या आठवड्यात रुग्णवाहिकांच्या आवाजाने गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत माणसं टक्क जागी होती. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याची झोप चालण्याच्या कमतरतेमुळे गेलेली नव्हती. त्याला सोबत हवी होती.

किती, कधी

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारी चालू असतानाच, नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही. मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं. मध्यम श्रम म्हणजे काय हे ओळखायची सोपी खूण: चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही.

या तत्त्वांत एक बदल होता ज्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. २०१० च्या तत्त्वांत सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. जिना दोनदा चढलात, फोनवर बोलताना व्हरांड्यात फेऱ्या मारल्यात, जेवणानंतर शतपावली केलीत, सगळं धरायचं. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाला याचा केवढा आधार आहे! गच्ची नसली तरी जिना असतोच.

वेळेबद्दल लोक फार घाबरतात. संध्याकाळी व्यायाम केला तर झोप उडते, असं सर्रास सांगितलं जातं. अभ्यासांवरून दिसतं ते असं की संध्याकाळच्या व्यायामाने सहसा झोप बिघडत नाही. झोपण्याआधीच्या शेवटच्या तासात दम लागेल इतकं जोरात काही करू नये, एवढं पाळलं तरी पुरे. शतपावलीने तर काहीच बिघडत नाही. तरी निवड करायची झाली तर मी सकाळ निवडीन, उजेडासाठी. थंडीत नाशिकला सकाळी सातला बाहेर पडणं जिवावर येतं, तेव्हा साडेआठचं कोवळं ऊनही चालतं.

या शहराला चालण्या-पळण्याची आणि सायकलची सवय आधीपासून आहे. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत इथल्याच मातीची. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली आणि त्यानंतर इथे सायकलचं वारं आणखी जोरात वाहिलं. जून २०२० नंतर पांडवलेणीकडे, गंगापूर धरणाकडे पहाटे सायकली दिसू लागल्या. व्यायामशाळा दसऱ्यापर्यंत बंद होत्या, त्यामुळे कित्येकांना रस्ता हीच व्यायामशाळा झाली.

दोन गोष्टी हालचालीच्या नाहीत, पण त्यांच्याशिवाय हालचालीचा फायदा वाया जातो. एक, उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, रात्र कशीही गेली तरी. दुसरी, अंथरूण झोपेसाठीच. टाळेबंदीत पलंगावर ऑफिस झालं, शाळा झाली, जेवणही झालं. मग मेंदूला पलंग दिसला की झोप आठवेनाशी झाली. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठावं, मंद दिव्यात दुसऱ्या खोलीत बसावं, पेंग आली की परत यावं.

झोप आणि आजार यांचं नातंही याच काळात अनेकांना पहिल्यांदा कळलं. महामारीच्या पाच वर्षं आधी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला होता. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. हालचालीबद्दल, कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० करोनाग्रस्तांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा आधीपासून काहीच हालचाल न करणाऱ्यांवर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ, पुरेशी हालचाल करणाऱ्यांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात आली होती. हाही नुसत्या नोंदींवरचा अभ्यास आहे, बाणाची शंका इथेही ठेवायला हवी. पण फरक मोठा आहे.

आजारातून उठल्यावर

चालायला सांगणाऱ्या प्रत्येकाने ही बाजूही सांगायला हवी. करोनानंतर काही जणांना असं होतं की थोडे जास्त श्रम झाले तर लगेच नाही, एक-दोन दिवसांनी अंगातलं त्राण जातं, डोकं जड होतं, झोप आणखी बिघडते. अशा वेळी "जोर लावा, होईल सवय" हा सल्ला घातक आहे. तिथे श्रम कमी करायचे, तब्येत झेपवेल तेवढंच करायचं. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, जिना चढताना आधी कधी न लागलेली धाप, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग बूट. रात्री मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकून दचकून जाग येणं हेही चालून बरं होईल म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि आठवड्यातल्या तीन-चार रात्री नीट झोप न लागता जात असतील, तीन महिने उलटले असतील, तर निद्रानाशावर गोळीआधी विचारांच्या आणि सवयींच्या उपचारपद्धतीचा सल्ला डॉक्टर देतात. ती विचारून घ्यावी.

आमच्या शेजारच्या काकूंना दुसऱ्या लाटेत बारा दिवस रुग्णालयात राहावं लागलं. घरी आल्यावर त्यांना न्हाणीघरापर्यंत जायलाही धाप लागे. त्यांनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज दोन आकडे लिहायला सुरुवात केली, वर चाललेली मिनिटं आणि खाली रात्री किती वेळा जाग आली ते. वरचा आकडा वाढवून दुसऱ्या दिवशी अंग गळालं की त्या निमूटपणे मागे येत. मेच्या पानावर वर कुठेही पाचाच्या पुढचा आकडा नाही. ऑगस्टच्या पानावर वीस आहेत, बावीस आहेत, मध्ये एक अख्खा आठवडा पुन्हा आठ आहे. खालच्या आकड्यांत चार, चार, तीन, चार असं बरेच दिवस चाललंय, आणि गणपतीच्या सुमाराला पहिल्यांदा एक आलाय.